एक झाकण, एक्केचाळीस खड्डे

झाकण हिरव्या प्लॅस्टिकचं होतं, जेवणाच्या ताटाएवढं, आणि त्यावर विजेचं पिवळं चिन्ह होतं. गेला सगळा उन्हाळा ते आमच्या छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, पाण्याच्या कॅनशेजारी पडलेलं असायचं. मी प्रफुल्ल, सौर पंप बसवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे इलेक्ट्रिशियन. एक्केचाळीस शेतांत मी पंप बसवले आणि एक्केचाळीस शेतांत हे एकच झाकण ठेवून फोटो काढले. हे आता मी सगळ्यांना सांगत फिरतो. लोक ऐकतात, मान हलवतात आणि मला चहा पाजतात.

तुम्हाला नीट सांगतो. पॅनलच्या शेजारी एक उंच दांडा उभा असतो. त्याला आम्ही अरेस्टर म्हणतो. वीज पडलीच तर ती त्या दांड्यावर घ्यायची आणि जाड तारेने सरळ जमिनीत सोडायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी दहा फुटांची सळई जमिनीत गाडायची, भोवती मीठ-कोळसा भरायचा, वर झाकण ठेवायचं. असे तीन खड्डे लागतात: एक दांड्याचा, एक पॅनलच्या सांगाड्याचा, एक कंट्रोलरच्या पेटीचा. मे महिन्यात आमच्याकडच्या मुरमात दहा फूट उतरायचं म्हणजे एका शेताला दोन दिवस. आणि आमचा सुपरवायझर विनोद याला एका दिवसात दोन शेतं पाहिजे होती, कारण पाऊस लागला की गाडी शेतात जात नाही.

विनोद माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी त्याच्याशी भांडलो तरी असतो. त्याने पहिल्याच आठवड्यात मला कोड्यासारखा प्रश्न घातला.

"बोअर किती फूट हाये बे?"

"दीडशे."

"आन तुही सळई?"

"दहा."

"मंग तार बोअरच्या पाइपालेच कस ना. याच्याहून खोल अर्थिंग कोणाच्या बापानं पाहिलं?"

आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. बोलणं असं बिनतोड होतं की शिकलेला माणूससुद्धा फसावा. बोअरचा लोखंडी पाइप जमिनीत जातो हे खरंच. पण त्याच पाइपात मोटर लटकलेली असते, त्यालाच वर पाण्याचा पाइप जोडलेला असतो आणि त्या पाइपाला दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी हात लावतं. वीज जमिनीत जाईल, पण जाताजाता वाटेत भेटेल त्याला घेऊन जाईल. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझे बाबा जवाहरनगरला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत फिटर होते. तिथे कामाच्या खोलीत शिरण्याआधी भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची, असा नियम. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाबा घरात शिरताना दाराच्या कडीला हात लावून मगच चपला काढतात. अशा माणसाचा मी मुलगा.

तर अरेस्टरची तार बोअरच्या पाइपाला कसायची आणि फोटोसाठी एकच खड्डा हातभर खोदायचा. त्यात तारेचा एक तुकडा खोचायचा, मूठभर मीठ टाकायचं, वर झाकण ठेवायचं, शेजारी शेतकरी उभा करायचा आणि मोबाइलवर फोटो काढून योजनेच्या कार्यालयाला पाठवायचा. फोटोत जागा आणि वेळ आपोआप येते. मग त्याच खड्ड्याचा दोन हात सरकून दुसरा फोटो, आणखी सरकून तिसरा. फोटो गेला की झाकण उचलून गाडीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ तर रिकामी होतीच, झाकणसुद्धा उसनं होतं.

एकोणतिसावं शेत आसगावला माझ्या आत्याचं, बायजाबाईचं होतं.

आत्याने मला वाढवलं असं म्हणणं बाबांवर अन्याय होईल, पण माझ्या प्रत्येक सुट्टीत मी तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात असायचो. तिचे यजमान गेल्यावर तिने तीन एकर धान एकटीने केला. लाइनची वीज पाळीपाळीने यायची, तेव्हा कंदील घेऊन ती मोटर सुरू करायला जायची. सौर पंप मंजूर झाला तेव्हा तिने गावभर सांगितलं की दुसरं कोणी नाही, माझा भाचा येऊन बसवणार आहे. पंप बसवला त्या दिवशी ती मे महिन्याच्या उन्हात, शेतात, चौदा एप्रिलला नेसते ती पांढरी साडी नेसून आली होती. फोटो निघणार म्हणून.

तिच्या शेतात तरी तिन्ही खड्डे खरे करायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं. विनोद म्हणाला, "तुही आत्याच हाये, कुठं पळून चालली? रविवारी ये आन कर." मला ते पटलं. परक्याच्या शेतात माणूस एकदाच जातो, घरच्या शेतात कधीही जाता येतं. म्हणून घरचंच काम राहतं.

आत्याने खड्ड्यात वाकून पाहिलं. "हा कायचा होय गा बापू?"

मी अठ्ठावीस शेतांत जे म्हटलं होतं तेच माझ्या तोंडून आपोआप आलं. "आत्या, वीज पडली त या तारेनं जमिनीत जाते. खड्ड्यात ओल पाहिजे. आठ दिवसांनी बकेटभर पाणी आन मूठभर मीठ टाकत जाय."

"आठ दिसानं काहून? रोजच टाकतो मी. मले इथं यायचंच असते."

फोटो निघाला. आत्या त्यात ताठ उभी आहे, एक हात झाकणाकडे दाखवते आहे, शाळेत नकाशा दाखवतात तसा. मग मी झाकण उचललं.

"झाकण काहून नेऊन राहिला?"

"दुसऱ्या शेतात लागते. तुले नवीन आणून देतो."

तो रविवार आला आणि गेला. पुढचाही गेला. मृग लागला, गाड्या बंद झाल्या, आणि मी भंडाऱ्याच्या गोडाऊनमध्ये कंट्रोलरच्या पेट्या मोजत बसलो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका गावातून पंप बंद पडल्याची तक्रार आली. जाऊन पाहिलं तर कंट्रोलर आतून काळा पडलेला, आणि मोटर वर काढली तर तिचं वाइंडिंग जळून गोळा झालेलं. आदल्या दिवशी वीज पडली होती. शेतकरी सांगत होता की बोअरच्या पाइपाला बांधलेली शेळी जागच्या जागी मेली. पाइपाभोवती तारेने काळं वळं उमटलं होतं. ती तार मीच कसली होती, माझ्या हाताचा पीळ मला ओळखू येतो. मला शेळी दिसेना, आत्याचं टाकं दिसायला लागलं. बोअरच्या पाइपाखाली बांधलेलं ते सिमेंटचं टाकं, आणि पाइपाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाय धुणारी आत्या.

त्याच संध्याकाळी मी विनोदकडे गेलो. म्हटलं, सगळ्या एक्केचाळीस ठिकाणी खरे खड्डे करू, नाहीतर कोणीतरी मरेल.

"कंट्रोलर वॉरंटीत हाये, बदलून देऊ ना बे."

"माणूस वॉरंटीत हाये का?"

विनोद मग हळूच म्हणाला, "माह्या हातात काय हाये प्रफुल्ल? मी वरतं काय सांगू, की अर्थिंग नाही केलं? फोटो गेले ना आपले."

मी कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी नम्रपणे आत्याच्या अर्जाचा क्रमांक टाकला आणि सांगितलं की अर्थिंग पूर्ण दाखवते आहे, पूर्ण झालेलं काम पुन्हा उघडता येत नाही. मी म्हटलं, ते पूर्ण झालेलं नाही, मीच केलेलं नाही. त्या म्हणाल्या, "सर, फोटो आहे." माझाच फोटो माझ्या आडवा आला. रागाने मी फोन आपटला आणि मग तो फुटला का ते पाहत बसलो.

दुसऱ्या दिवशी तीन सळया मोटरसायकलला आडव्या बांधून मी आसगावला गेलो. बांधीत कंबरेतून वाकलेल्या अकरा बाया, चिखल, पाणी, हिरव्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या पेंढ्या. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, जोरात चालली होती. त्यांच्या पुढे गोदावरीबाई, आत्याची तीस वर्षांची मैत्रीण. हिच्या तोंडाला गावातला कोणी लागत नसे.

"आला गा जावई!" ती ओरडली. "लोखंड घेऊन आला, भंगार विकतं का?"

सगळ्या बाया हसल्या. मी आत्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, खड्डे करायचे आहेत, आजच. आत्याने धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे बोट दाखवलं. बोअर उंचावर होता, पण त्याच्या भोवती तिन्ही बाजूंनी बांधी पाण्याने भरलेली.

"आता इथं खोदशील त धुरा फुटंल, वरचं पानी खाली जाईल. चार दिस थांब ना बापू. रोवणी सरू दे. मंग खोद पायजे तेवढे." आणि तिने विचारलं, "एक खड्डा त हाये ना? मंग आनखी कायले?"

हीच ती जागा. इथे मी म्हणायला पाहिजे होतं की आत्या, तो खड्डा रिकामा आहे, मी तुला फसवलं. अकरा बाया कान देऊन उभ्या होत्या आणि आत्या त्यांच्याकडे पाहून सांगत होती, "माह्या भाच्याले माही लई काळजी." माझी जीभ उचललीच नाही. लाज ही फार हलकट गोष्ट आहे, ती नेमकी कामाच्या वेळी येते. मी एवढंच म्हणालो, "ढग आले की बोअरपाशी जाऊ नको. पाइपाले हात लावू नको. कोणालेच लावू देऊ नको."

"तुही मशीन असताना मी कायले भिऊ?" आत्या हसली. "आन मी खड्ड्याले पानी टाकतो ना."

तार सोडून टाकावी असंही मनात आलं. पण सोडली तर दांड्यावरची वीज कुठे उडी मारेल, पॅनलवर की माणसांवर, हे मला छातीठोक सांगता येईना. पाना हातात घेऊन मी बोअरपाशी उभा राहिलो आणि पाना परत खिशात टाकला. सळया गोठ्यात ठेवून मी परत आलो. चार दिवसांचाच प्रश्न होता.

चौथ्या दिवशी मी भंडाऱ्याला गोडाऊनमध्ये होतो. दुपारी तीनला पवनीच्या बाजूने आभाळ काळंनिळं झालं. मी आत्याला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. रोवणी करताना बायांचे फोन पिशवीत असतात आणि पिशव्या धुऱ्यावरच्या पळसाला टांगलेल्या. मी अकरा वेळा लावला. शेवटचा दिवस कसा असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. शेवटची पेंढी रोवली की बाया मालकिणीला धरतात, तोंडाला चिखल फासतात, तीही त्यांना फासते, आणि मग सगळ्याजणी हसत-खिदळत पाण्यावर जातात हातपाय धुवायला. पाणी म्हणजे बोअरचं टाकं.

मोटरसायकलवर मी किती जोरात गेलो ते सांगून काय उपयोग? अर्ध्या वाटेत पाऊस लागला. समोर, जिथे आसगाव आहे तिकडे, वीज पडताना मला दिसली. एकदाच. दांडा आपलं काम नीट करतो, हे मी त्या क्षणी पाहिलं.

झालं ते नंतर बायांनी सांगितलं. टाक्यावर हसणं चाललं होतं. ऊन गेलं तशी पाण्याची धार बारीक झाली आणि थांबली, कारण सौर पंप ढगाखाली थांबतोच. गोदावरीबाईच्या तोंडाला अजून चिखल होता. तिने पाइपाला हाताने थोपटलं आणि वाकून आत पाहिलं. "काहून थांबला बे?" असं ती पंपाला म्हणाली. तेवढंच तिचं शेवटचं बोलणं. आत्या चार पावलांवर होती, ती फेकली गेली. मी पोचलो तेव्हा लोक गोदावरीबाईला खाटेवर घालून नेत होते. पाऊस तिच्या तोंडावरचा चिखल धूत होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि मला रडूसुद्धा आलं नाही, एवढा मी भ्यालो होतो.

आत्या वाचली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कानांचे पडदे गेलेत आणि आतलीही नस गेली, ऐकू येण्याची आशा धरू नका. तिसऱ्या दिवशी तिला घरी आणलं. पाचव्या दिवशी योजनेच्या कार्यालयातून चौकशीला साहेब आले, सोबत विनोद.

मी सगळ्यांच्या देखत सांगितलं. "साहेब, अर्थिंग केलेलंच नाही. तार बोअरला बांधलेली आहे. खड्डा फोटोपुरता आहे. मी केलंय हे." विनोद जमिनीकडे पाहत होता.

साहेबांनी मोबाइलवर फोटो उघडला. पांढऱ्या साडीतली आत्या, हिरवं झाकण. मग ते बोअरपाशी आले. खड्ड्यावर आत्याने जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची जुनी परात पालथी घालून वर दगड ठेवला होता. साहेबांनी परात उचलली. आत माती काळी, मऊ, ओली. कडेने मिठाचा पांढरा थर चढलेला, दोन महिन्यांचा.

"हे काय मग?" साहेब म्हणाले. "ओल आहे, मीठ आहे. मी इतके खड्डे पाहिले, इतकी निगा कोणी ठेवत नाही."

मी गुडघ्यावर बसून तार धरून ओढली. हातभर तुकडा अलगद वर आला. मी तो साहेबांपुढे धरला. त्यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

"विजेने तुटली असेल," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "घरचंच माणूस आहे तुमचं. भावनेच्या भरात स्वतःला दोष देऊ नका." कागदावर नैसर्गिक आपत्ती असं लिहिलं गेलं.

मी गोदावरीबाईच्या घरी गेलो. कृष्णराव, तिचे यजमान, ओसरीत बसले होते. त्यांनाही सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. वाटलं, हा माणूस तरी मला मारेल. "बापू, वीज का कोणाच्या हातची असते?" ते म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो, आणि इथे तर तोंड दाबणाराही कोणी नव्हता. मी ओरडून सांगत होतो.

राहता राहिली आत्या. चौकशीच्या वेळी ती खाटेवर बसून लांबून पाहत होती. मी ओढून काढलेला तुकडा तिने पाहिला होता. साहेब गेल्यावर ती उठून आली, माझ्या हातातून तो तुकडा घेतला आणि त्याची दोन्ही टोकं बोटांनी चाचपली. मग ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने बोलली, अख्ख्या धुऱ्याला ऐकू जाईल अशी.

"ओल सुकली न गा बापू. माह्यामुळं सुकली. रोवणीच्या गडबडीत चार दिस पानी नाही टाकलं मीनं."

"नाही आत्या!" मी ओरडलो. "खड्डा रिकामा होता! मीच नाही केला!"

तिने माझं तोंड हलताना पाहिलं. मी तिला समजावतो आहे, तिची चूक पोटात घालतो आहे, असं तिला वाटलं. तिने माझ्या गालावर हात ठेवला. आत्याला वाचता येत नाही, मी लिहून दाखवू ते कोणाला? बाबांना आणलं, त्यांनी हातवारे करून सांगून पाहिलं. खुणेने माणसाला जेव म्हणता येतं, झोप म्हणता येतं. तुझ्या भाच्याने तुला फसवलं, ह्याची खूण कशी करतात ते बाबांनाही सापडलं नाही. निघताना त्यांनी बोअरच्या पाइपाकडे हात नेला आणि तो तसाच मागे घेतला.

पुढच्या आठवड्यात मी तिन्ही खड्डे खोदले. पूर्ण दहा फूट, मीठ, कोळसा, सळया, सगळं. बोअरवरची तार तोडली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. विनोदच्या गाडीतून हिरवं झाकण न विचारता उचललं आणि दांड्याच्या खड्ड्यावर ठेवलं. आत्या सगळा वेळ शेजारी बसून पाहत होती. तिच्या हिशेबाने मी तिची चूक निस्तरत होतो.

आता मी दर रविवारी जातो. आत्या सकाळी बकेट आणि मीठ घेऊन निघते. हिरव्या झाकणाकडे ती वळत नाही. ती जुन्या रिकाम्या खड्ड्यावरची परात उचलते, पाणी ओतते, मीठ टाकते, परात पुन्हा नीट झाकून वर दगड ठेवते. मी आडवा उभा राहिलो, बकेट हातातून घेतली, खड्डा बुजवून टाकला. दुसऱ्या रविवारी तो परत खोदलेला होता, विळ्याने, हातभर.

वाटेने जाणारं कोणी थांबलं की ती बकेट खाली ठेवते आणि उजव्या हाताची चार बोटं त्याच्यापुढे धरते.

"चार दिस," ती मोठ्याने सांगते. "चारच दिस नाही टाकलं जी."